कुरुंद्याहून आलेला नकार

१

"मी न्हाई म्हणलेच न्हाई, मॅडम. मी कशाला न्हाई म्हणू?"

गुलनाजनं मोबाइल टेबलावर ठेवला. तिच्या ओढणीवर एसटीतली धूळ होती आणि कुरुंद्याहून वसमतला येईपर्यंत ती रडली असावी, हे लपवायचा तिनं प्रयत्नही केला नव्हता.

संगिता राठोडनं चष्मा लावून मेसेज वाचला. 'आपण शिष्यवृत्ती नाकारल्याची नोंद घेण्यात आली आहे. आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

संगिता वसमतच्या कोर्टात वकिली करत होती. कोर्टामागच्या गल्लीत तिच्या दोन खोल्या होत्या, पुढच्या खोलीत ऑफिस आणि मागच्या खोलीत घर. अल्पसंख्याक समाजातल्या कायद्याच्या आणि पदव्युत्तर मुलामुलींना शिष्यवृत्ती देणारा एक न्यास नांदेडला होता. जिल्ह्यातल्या उमेदवारांच्या घरी जाऊन, माणसं बघून, शिफारस करायचं काम त्यांनी संगितावर सोपवलं होतं. यंदा हिंगोली जिल्ह्याच्या वाट्याला एकच जागा आली होती. एक मोठी सरकारी फेलोशिप बंद झाल्यापासून अर्जांचा ढीग वाढला होता. त्या ढिगातून तिनं गुलनाजचं नाव काढलं होतं. एलएल.बी. झालेली, पुण्याला एलएल.एम.ला प्रवेश मिळालेली, कुरुंद्यातल्या बारदानवाल्या महेबूबभाईंची मुलगी.

संगितानं नांदेडला फोन लावला. न्यासाचं कार्यालय सांभाळणारे रामप्रसाद शनिवारीही कामावर असत.

"ती पोरगी नको म्हणाली, राठोड मॅडम," ते म्हणाले. "मलाही वाईट वाटलं. लग्न ठरलंय तिचं."

गुलनाज समोरच उभी होती. तिला पलीकडचं ऐकू येत नव्हतं.

"तुम्हाला फोन कुठल्या नंबरवरून आला?"

"आला नाही. मीच लावला. काल, शुक्रवारी दुपारी, संमती विचारायला. अर्जातल्या तिच्याच नंबरवर. तिनंच उचलला. म्हटलं, गुलनाज मॅडम का? तर म्हणाली, होय."

संगितानं गुलनाजकडं पाहिलं. "काल दुपारी तुझा मोबाइल कुठं होता?"

"घरी." गुलनाजचा आवाज खाली गेला. "बॅटरी संपली म्हणून चार्जिंगला लावून मी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी इथंच तहसीलला आले होते. घरी आमचीच माणसं होती, मॅडम. फक्त आमचीच."

२

"सोमवारी विश्वस्तांची बैठक आहे," रामप्रसाद म्हणाले होते. "तोपर्यंत मी दुसऱ्याचं नाव पुढं करत नाही. पण घरच्यांचाच विरोध असला तर आम्ही देत नाही, तुम्हाला माहीत आहे. मागं दोन मुलींना घरच्यांनी अर्ध्यातून उचलून नेलं."

म्हणजे नुसतं 'फोन तिनं घेतला नव्हता' म्हणून भागणार नव्हतं. कुणी घेतला आणि का, हे सांगावं लागणार होतं. उत्तर चुकीचं निघालं तर गुलनाजची शिष्यवृत्ती त्या उत्तरानंच जाणार होती.

दुपारच्या गाडीनं दोघी कुरुंद्याला गेल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद कमरेएवढी झाली होती. महेबूबभाईंच्या घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये हळदीच्या रिकाम्या पोत्यांच्या थप्प्या होत्या आणि सगळ्या घराला तागाचा वास होता.

बैठकीत एका कोपऱ्यात टीव्ही होता, त्यावर फुलाफुलांचा रुमाल टाकलेला. गुलनाजची आई नजमुन्निसा पलंगावर गुडघे चोळत बसली होती. दाराच्या पडद्याला धरून एक तरुण बाई उभी होती.

"ही माझी भाभी, अफसाना," गुलनाज म्हणाली. "नोमानभाईंची बायको. भाई सौदीला गाडी चालवतात. भाभी तिकडची, तेलंगणातली, बोधनच्या पलीकडची. हिला मराठी येत न्हाई."

अफसाना हसली, कपाळाला हात लावून सलाम केला आणि तिथंच उभी राहिली.

"बसा वकीलबाई," नजमुन्निसा म्हणाली. "च्या घेता न्हवं?"

"घेईन. पण मला साखर वर्ज्य आहे," संगिता म्हणाली आणि गुलनाजकडं वळली. "काल दुपारी घरात कोण कोण होतं, ते तू नको सांगू. ज्याचं त्याला सांगू दे."

नजमुन्निसानंच सुरुवात केली. "मी होते. आन् ही होती. हे जुम्म्याच्या नमाजला गेल्ते. मी माझी नमाज पढले आन् पडले जरा. ह्या गुडघ्यांनी रातभर झोप न्हाई."

"फोन वाजलेला ऐकला?"

"पोरीच्या फोनला आवाज कुठं असतो? थरथरतो नुस्ता."

"तुम्हाला पोरीनं पुण्याला जावं असं वाटत होतं?"

म्हातारीनं गुडघ्यावरचा हात थांबवला. "खरं सांगू? न्हाई वाटत. पोरगी घरात असली की घर बोलतं. रोज सांजच्याला ही मोठ्यानं वाचायची, कलम हे आन् कलम ते. आता मुक्यावानी बसायचं का आमी? पर म्या अडवलं न्हाई. अल्लाकसम न्हाई."

"मोठ्यानं वाचल्याशिवाय माझ्या डोक्यात जात न्हाई," गुलनाज ओशाळून म्हणाली.

अफसानानं चहा आणला आणि ट्रे फिरवला. संगितानं तिनं पुढं केलेला कप उचलला, बोलता बोलता चहा संपवला. टीव्हीकडं बोट करून तिनं विचारलं, "बंद आहे?"

"जूनमध्ये वीज पडली तेव्हा जळाला," गुलनाज म्हणाली. "रेडिओ तर आमच्याकडं कधीच नव्हता."

संगिता उठली. तेवढ्यात बाहेरून महेबूबभाईंचा आवाज आला. ते शेडमध्ये कुणावर तरी ओरडत होते, "वकीलबाईला सांगायचं काम न्हाई म्हणलो ना मी! कुणालाच सांगायचं न्हाई!"

३

संगिता शेडमध्ये गेली तेव्हा महेबूबभाईंनी घाईनं काहीतरी पोत्यांमागं ढकललं. ज्याच्यावर ते ओरडत होते तो हमाल खाली मान घालून निघून गेला.

"मला काय सांगायचं नाही, महेबूबभाई?"

त्यांचं वय साठीकडं झुकलेलं, दाढी मेंदीनं तांबडी. ते पोत्यांवरची धूळ झटकू लागले.

"मागच्या महिन्यात पोरीला स्थळ आलं होतं, असं गुलनाज म्हणाली," संगिता म्हणाली. "आणि फोनवरच्या बाईनंही लग्नाचंच कारण सांगितलं."

"स्थळ आल्तं. परभणीचं. मी वापस लावलं." त्यांनी मान वर केली. "बाई, तुमी असं समजून राहिल्या का की बापानंच पोरीचं नुकसान केलं? आमी काहून करावं? मी तर त्या वक्ताला मशिदीत होतो. सगळ्या जमातीनं बघितलंय."

"तुम्ही दुसऱ्याकडून बोलवून घेऊ शकला असता."

हे त्यांना लागलं. ते वाकले आणि पोत्यांमागून ती वस्तू ओढून काढली. अंथरूण-पांघरूण बांधून न्यायची मोठी वळकटी होती, नव्या जाड तागाची, आतून निळं अस्तर लावलेली, कडेनं दुहेरी शिवण घातलेली.

"होस्टेलात जमिनीला ओल असंल तर," ते म्हणाले. "जायच्या दिवशी द्यायची होती तिला. हमालानं बघितली आन् म्हणला वकीलबाईला दाखवा. मी म्हणलो, न्हाई. आता ती जाणारच नसंल तर कुणाला दाखवायची?"

संगितानं शिवणीवरून बोट फिरवलं. तिचे वडील उत्तमसिंग तिला पुसेगावजवळच्या तांड्यावरून औरंगाबादच्या होस्टेलला सोडायला आले होते, ते तिला आठवलं. त्यांनी काहीच दिलं नव्हतं. त्यांच्याकडं नव्हतंच काही. फाटकाशी उभे राहून ते गोरमाटीत, घरच्या बंजारा बोलीत, म्हणाले होते, जपून राहा बाई. त्यानंतर कितीतरी महिने तिच्याशी तिच्या भाषेत कुणी बोललं नव्हतं.

"यादीत दुसरं नाव कुणाचं आहे, ठाऊक आहे तुम्हाला?" तिनं विचारलं.

"मुबश्शीरचं. पोरीबराबर शिकला तो. वसमतचाच." महेबूबभाई वळकटी गुंडाळू लागले. "शुक्रवारी तो आल्ता इथं. मी नमाजला निघालो तवा ओट्यावर बसला होता."

४

मुबश्शीर रविवारी सकाळी सापडला तो वसमतच्या बसस्टँडसमोर, मामाच्या चपलांच्या दुकानात. उंच, हडकुळा, चेहऱ्यावर झोप न झाल्याची खूण. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी त्याला मुंबईत प्रवेश मिळाला होता. गुलनाजनं जागा सोडली तर शिष्यवृत्ती त्याची होती.

"मला वाटलंच तुम्ही येणार," तो म्हणाला. त्यानं संगिताला स्टूल दिलं आणि स्वतः उभा राहिला. "खोटं कशाला बोलू, मॅडम? गुलनाज सोडून राहिली असं काल सकाळी नांदेडहून कळलं तेव्हा मी ह्या दुकानात नाचलो. मामानं विचारलं, येडा झाला का. मग सांजच्याला कळलं की तिनं सोडलंच न्हाई. तवापासून अन्न गोड लागेना."

"शुक्रवारी कुरुंद्याला कशाला गेला होतास?"

"तिची पुस्तकं होती माझ्याकडं. मुंबईचं काय होईल ते होईल, पण दुसऱ्याची पुस्तकं घरात नकोत. ती नव्हती. महेबूबचाचा नमाजला निघाले होते. बाईमाणसांच्या घरात मी आत कसा जाऊ? पुस्तकं ओट्यावर ठेवली, घोटभर पाणी मागितलं, कुणी आलं न्हाई, म्हणून मीही मशिदीकडं गेलो."

"कुणीच आलं नाही?"

"आवाजच पोचला नसंल. आत बातम्या चालू होत्या ना."

संगितानं मान वर केली. "कसल्या बातम्या?"

"रेडिओवरच्या. नाहीतर टीव्हीवरच्या असतील. बाईचा आवाज होता, हळू. शब्द कळले न्हाईत, पण मराठी होती, एकदम शुद्ध. बातम्या देतात तशी."

"मुबश्शीर, नीट आठव. नजमुन्निसाचाचींचा आवाज नव्हता?"

तो हसला. "चाची तशी बोलली तर मी टोपी काढून ठेवीन, मॅडम. त्या आपल्यासारखं बोलतात, न्हाई आन् व्हय. आणि हा आवाज तरुण होता."

दुकानात गिऱ्हाईक आलं. मुबश्शीर चपलांचे जोड काढायला वळला. संगिता स्टुलावर तशीच बसून राहिली. त्या घरातला टीव्ही जूनमध्ये जळाला होता. रेडिओ कधी नव्हताच.

५

ती खोलीवर आली. रविवारी कोर्टामागची गल्ली रिकामी असे. पक्षकार नसत, समोरचा झेरॉक्सवाला बंद असे, आणि संध्याकाळपर्यंत तिच्याशी कुणी बोलायची शक्यता नसे. एरवी ती कपडे धुई, फाइली लावी, भावाला फोन करावा असं मनात आणी आणि करत नसे. तांड्यावरचं बोलणं आता पावसावर आणि पोरांच्या लग्नांवर येऊन थांबत होतं, आणि गोरमाटी बोलताना आताशा तिचेच शब्द अडत होते.

चहा ठेवताना तिचा हात साखरेच्या रिकाम्या डब्याला लागला. तो तिथं पाहुण्यांसाठी होता आणि पाहुणे येत नसल्यानं बरेच दिवस भरलेला नव्हता.

ती थांबली.

काल कुरुंद्यातला चहा फिका होता. तिनं तो विचार न करता पिऊन टाकला होता, कारण तिला तसाच हवा होता. पण 'साखर वर्ज्य आहे' असं ती मराठीत म्हणाली होती. नजमुन्निसा पलंगावरून हलली नव्हती. गुलनाज चहा येईपर्यंत तिच्या शेजारून उठली नव्हती. आत जाऊन कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

तिनं नांदेडला फोन लावला.

"रामप्रसादजी, ती बाई काय म्हणाली ते मला तुमच्या शब्दांत नको. तिच्या शब्दांत सांगा. जसंच्या तसं."

"आता जसंच्या तसं म्हणजे..." रामप्रसाद आठवू लागले. "मी विचारलं, तुमची संमती आहे ना? तर ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, 'नाही. मी माझी संमती स्वेच्छेने मागे घेत आहे.' मला गंमतच वाटली. निकालपत्र वाचल्यासारखं बोलली. मी म्हटलं, का हो ताई, काय झालं? तर म्हणाली, 'माझा लग्न ठरला आहे.'"

"माझा लग्न?"

"हां. 'माझा लग्न ठरला आहे.' असंच म्हणाली. घाबरली असेल, जीभ वळली नसेल."

संगितानं फोन ठेवला आणि स्टोव्ह बंद केला.

गुलनाज पहिलीपासून मराठी शाळेत शिकली होती. रडताना, रागावताना, झोपेतसुद्धा ती 'माझा लग्न' म्हणणार नव्हती. आणि जी बाई लग्नाला 'तो' म्हणते, तिला 'स्वेच्छेने' कसं येतं? गल्लीतली, बाजारातली मराठी उचललेल्या माणसाला 'न्हाई पायजे' येतं, 'स्वेच्छेने' येत नाही. शाळेत शिकलेल्याला दोन्ही नीट येतं. ह्या बाईला फक्त पुस्तकातलं येत होतं, तेही कानानं गोळा केलेलं, आणि तिनं ते आजवर कुणासमोर उच्चारलं नसावं. उच्चारलं असतं तर कुणीतरी हसून दुरुस्त केलं असतं.

हे संगिताला कुणी समजावून सांगायला नको होतं. तांड्यावर घरात गोरमाटी. मराठी तिनं पाठ्यपुस्तकातून शिकली. होस्टेलच्या पहिल्या रात्री खोलीतल्या मुलींना ती म्हणाली होती, 'मला तृष्णा लागली आहे, जल कुठे प्राप्त होईल?' त्या इतक्या हसल्या की पुढे बरेच दिवस तिनं तोंडच उघडलं नव्हतं.

तिनं चपला घातल्या आणि कुरुंद्याची गाडी धरली.

६

अफसाना मागच्या अंगणात भांडी घासत होती. नजमुन्निसा शेजारी गेली होती. गुलनाजला संगितानं बैठकीतच बसवलं. "मी बोलावते तेव्हा ये," म्हणाली.

ती दगडावर टेकली. अफसानानं हात धुतले, पदर सावरला आणि हसली. "गुलनाज अंदर है," ती म्हणाली.

"मला तुझ्याशीच बोलायचंय," संगिता मराठीतच म्हणाली. "काल मी साखर वर्ज्य आहे म्हणाले, आणि तू मला बिनसाखरेचा चहा दिलास. त्याबद्दल आभार मानायचे राहिले."

अफसानाचं हसू तिथंच राहिलं, पण डोळे बदलले.

"शुक्रवारी महेबूबभाई मशिदीत होते. तुझ्या सासूबाई झोपल्या होत्या, आणि त्या अशी मराठी बोलत नाहीत. मुबश्शीरनं ओट्यावरून आवाज ऐकला. त्याला वाटलं, बातम्या लागल्यात. ह्या घरात बातम्या लागायला काही नाही. घरात एकच माणूस उरतं. आणि त्या माणसाला मराठी येत नाही असं सगळे म्हणतात, कारण त्याला कुणी कधी विचारलंच नाही."

नळाचं पाणी भांड्यावरून वाहून जात होतं. अफसानानं तो बंद केला. मग अगदी हळू, प्रत्येक शब्द तपासून ठेवावा तशी बोलली.

"होय. मी बोलले. हेतुपुरस्सर बोलले."

संगिता दगडावर जरा पुढं सरकली.

"दूरध्वनी थरथरला. मी उचलला, गुलनाजला निरोप देण्यासाठी. त्यांनी विचारले, गुलनाज मॅडम का? मी होय म्हणाले. का म्हणाले, मला ठाऊक नाही. दोन वर्षांत कोणी माझ्याशी मराठीत प्रश्न विचारला नव्हता. मग त्यांनी संमती विचारली." तिनं हातातलं भांडं पालथं घातलं. "तेव्हा मला ठाऊक होते. नाही म्हटले तर ती जाणार नाही."

"इतकी नको होती तिला जायला?"

"माझा निकाह झाल्यावर चार महिन्यांनी ते सौदीला गेले. अब्बू आधीच निवर्तले होते, अम्मी भावाकडे. इथे सासूबाई चांगल्या आहेत, सासरे चांगले आहेत. पण त्यांच्याशी काय बोलणार? भात झाला, पाणी आले." तिनं ओला हात कपाळावर घासला. "गुलनाज रोज सायंकाळी वाचत असे. मी भाजी निवडत असे. ती कलमे वाचत असे, मी मनात म्हणत असे. तिला कळत नव्हते. माझा तेवढाच दिवस होता. बाकीचा दिवस नव्हताच."

"तिला सांगितलं का नाहीस? मराठी येते म्हणून?"

"चुकले असते. ती हसली असती."

"आणि हे? जाऊ नको म्हणून?"

अफसानानं तिच्याकडं पाहिलं. बोलता बोलता तिची मराठी सुटली. "कैसे बोलती, बाजी? उसका नसीब खुल रहा था. मैं कैसे बोलती के मेरे वास्ते रुक जा?"

मागं दार वाजलं. संगितानं बोलावलं नव्हतं, तरी गुलनाज उंबऱ्यात उभी होती, आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

७

गुलनाज ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं संगिताला पुढं कितीदा वाटलं. ती भाभीकडं बघत राहिली, आणि मग म्हणाली, "तू माझ्याशी मराठीत बोलू शकत होतीस. रोज. आणि बोलली न्हाईस."

ती आत गेली, मोबाइल घेऊन आली आणि अफसानाच्या पुढ्यात धरला. "आता तूच सांग त्यांना."

रामप्रसादांनी फोन उचलला. अफसाना उभी राहून बोलली, त्याच संथ, पुस्तकी मराठीत. शुक्रवारी मी बोलले होते. गुलनाज नव्हती. तिच्या घरात कोणाचा विरोध नाही. दोष माझा एकटीचा आहे. मग रामप्रसाद म्हणाले, "राठोड मॅडमना सांगा, सोमवारी गुलनाजला घेऊन या. वडिलांना पण."

सोमवारी नांदेडला विश्वस्तांनी महेबूबभाईंना एकच प्रश्न विचारला. मुलीला पाठवणार का? त्यांनी हो म्हटलं, आणि न विचारता पुढं बोलले.

"साहेब, सुनेवर गुन्हा धरू नका. सून आणली आमी, आन् पोराला परदेशी धाडलं. दोन सालं ती घरात वावरून राहिली, आन् तिला काय येतं, काय न्हाई, आमी बघितलं न्हाई. मी पोत्यांचं वजन हातानं सांगतो. घरातलं माणूस न्हाई वळखलं."

जागा गुलनाजला परत मिळाली. मुबश्शीरला संगितानं स्वतः जाऊन सांगितलं. तो 'ठीक आहे मॅडम' म्हणाला आणि चपलांचे खोके लावत राहिला. मुंबईचा प्रवेश त्याला सोडावा लागला. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर, असं ती म्हणाली. त्यावर त्यानं मान हलवली, पण वळून पाहिलं नाही.

पुण्याला निघायच्या दिवसापर्यंत गुलनाज अफसानाशी बोलली नाही. एकाच घरात, एकाच चुलीपुढं, दोघी शेजारी बसून जेवत, आणि मध्ये नजमुन्निसा दोघींची तोंडं बघत राही. संध्याकाळचं वाचन बंद झालं होतं. जायच्या आदल्या सकाळी मात्र गुलनाजनं सगळ्यांसमोर नोमानला फोन लावला.

"भाईजान, तुमचा करार कधी संपतो ते मला नका सांगू," ती म्हणाली. "भाभीला सांगा. आणि रोज फोन करा. अम्मीची तब्येत विचारायला न्हाई, हिच्याशी बोलायला. हिच्याकडं सांगण्यासारखं बरंच आहे. आम्हालाच माहीत नव्हतं."

तिनं फोन अफसानाच्या हातात दिला आणि बाहेर निघून गेली. पाठीमागं भाभीच्या रडण्याचा आवाज आला तरी वळली नाही. माफ केलं का, असं संगितानं तिला वसमतच्या स्टँडवर विचारलं, तेव्हा ती वळकटीची दोरी आवळत म्हणाली, "अजून न्हाई, मॅडम. पण घरी फोन केला की आधी तिलाच मागीन. तिच्याशीच बोलायचं राहिलंय."

नोमान लगेच आला नाही. त्याला येता येणारही नव्हतं. आधी त्याचे फोन रोज येत, मग दिवसाआड.

पाऊस ओसरला आणि एका सोमवारी महेबूबभाई बारदान्याची गाडी घेऊन वसमतला आले. टेम्पोत पुढं अफसाना बसली होती. लग्न होऊन आल्यापासून कुरुंदा सोडून ती पहिल्यांदाच बाहेर पडली होती. तिला बारावीला बाहेरून बसायचं होतं, मराठी माध्यमातून. त्याची चौकशी करायला महेबूबभाईंनी तिला संगिताच्या ऑफिसात सोडलं. "मोंढ्यात व्यापाऱ्यांना पोती देऊन येतो सांजच्याला," ते म्हणाले आणि गेले.

चौकशी थोड्या वेळात संपली. मग दोघी बसून राहिल्या. संगितानं एक फाइल उघडली. अफसानानं न विचारता मागच्या खोलीतून झाडू आणला, संगितानं तो तिच्या हातातून काढून घेतला आणि तिला खुर्चीवर बसवलं. दोन पक्षकार येऊन गेले. अफसाना त्यांचं बोलणं लक्ष देऊन ऐकत होती. ते गेल्यावर तिनं 'तारीख पडली' म्हणजे नक्की काय पडतं, ते विचारलं. संगिता मोठ्यानं हसली. त्या खोलीत इतक्या मोठ्यानं कुणी हसल्याचं तिला आठवत नव्हतं.

संध्याकाळी बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. अफसाना उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली.

"पुढच्या सोमवारी येऊ?"

"ये," संगिता म्हणाली.

अफसाना पायरी उतरली. संगिता टेबलामागून उठून दारापर्यंत आली होती, हे तिचं तिलाही कळलं नाही.

"ये गं," ती पुन्हा म्हणाली. "नक्की ये."